दुखत नव्हतं तेव्हा

नांदेड
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

परवा मी माझं आतडं बघितलं. कापाकापी नाही, नळी नाही. पोटावर थंडगार जेल लावलं, डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दांडा उजव्या कुशीला दाबला आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हा तुमचा जोड." लातूरला कापून जिथे शिवलं होतं ती जागा. गरोदर बायांची करतात तीच सोनोग्राफी. त्या मजल्यावर बाळंतपणाचा दवाखानाही आहे आणि बाहेरचा बाक एकच. शेजारच्या पोरीने मला विचारलं, "कितवा, मावशी?" मी म्हटलं, सदतिसावा. ती बिचारी सरकून बसली. नंतर लक्षात आलं, मी महिने खरंच मोजले होते. ऑपरेशनपासूनचे.

आतड्याच्या सुजेचं ते जुनं दुखणं परत आलं आहे, अक्का. त्या जोडावरच आलं आहे. आतड्याची भिंत तीन मिलिमीटरच्या आत असावी लागते, माझी सहा पूर्णांक चार आहे. पडद्यावर ती काळी, जाड दिसते आणि तिच्यात तांबडे-निळे ठिपके लुकलुकतात. ते रक्त. सुजलेल्या जागी रक्त धावतं. डॉक्टर शिल्पा म्हणतात, घाबरू नका, दर पंधरा दिवसांनी एक असं इंजेक्शन सुरू करू आणि दर काही आठवड्यांनी असंच बघत राहू. त्या हदगावच्या आहेत, वयाने लहान, बोलतात मात्र मोठ्या बहिणीसारखं.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर काय बोलायचं, हे मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही. पत्रात खोडता येतं. म्हणून दर वेळचा आकडा तुला लिहून कळवीन. उत्तराची अपेक्षा नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे, पण खोडत नाही.

एक सांगायचं राहिलं. तपासताना त्या म्हणाल्या, डावा हात डोक्यामागे घ्या. घेतला. तळहात उघडा, छताकडे. रोज सकाळी ज्यावर इष्टलिंग ठेवून पूजा करायची तो हात, आणि त्यात काही नाही. ऑपरेशनच्या आधी नर्सने गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं, तेव्हा माझं लिंग चांदीच्या डबीसकट तू तुझ्या गळ्यात घातलंस. तुझ्या डबीशेजारी माझी डबी. स्ट्रेचरवरून मला शेवटचं तेच दिसलं. त्यानंतर तू मागितलं नाहीस की घेऊन जा, आणि मी मागितलं नाही की दे. मठातले जंगम स्वामी म्हणाले, नवं देतो. मी म्हटलं, माझं आहे, अहमदपूरला आहे.

दाजींना आणि पार्वतम्मांना नमस्कार सांग. सांगू नकोस वाटलं तर नको.

तुझी
मंजू


नांदेड
पाडवा, ३० मार्च २०२५

अक्का,

पाच पूर्णांक तीन.

गुढी उतरवून लिहायला बसले आहे. तीन इंजेक्शनं झाली. पोट दुखायचं थांबलं आहे, अगदी थांबलं. शुक्रवारी सकाळी दोन वाट्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, कॉलेजला चालत गेले, प्रॅक्टिकलला चार तास उभी राहिले. मला वाटलं, झालं. डॉक्टरांना म्हटलंही, मी बरी झाले. त्यांनी दांडा दाबून धरला आणि पडद्यावर भिंतीच्या दोन कडांना दोन बारीक फुल्या लावल्या. मधलं अंतर आपोआप उमटलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "दुखणं आधी जातं, सूज मागनं जाते. कधी कधी सूज जातच नाही, आणि माणूस हसत खेळत फिरत राहतं. म्हणून तर बघायचं. न दुखणं हा पुरावा नव्हे."

त्यांनी सहज म्हटलं. माझे कान तापले.

अकरावीच्या मुलांना मी व्हर्निअर कॅलिपर शिकवते. मिलिमीटरचा दहावा भाग वाचायला शिकवते. दरवर्षी तेच बजावते की निरीक्षण आधी, उत्तर नंतर, आणि उत्तर जुळवायला निरीक्षण लिहिणाऱ्याला मी शून्य देते. परवा एका मुलीला दिलं. ती रडली. घरी येऊन मी वहीत लिहिलं, 'आज एकीला शून्य दिलं. मला कोण देणार?' हे वाक्य तुला कळणार नाही. कळावं असं मी अजून काही लिहिलेलं नाही.

आमच्या ह्यांनी, उमाशंकरांनी, मागच्या रविवारी दाजींना फोन केला होता. दाजी म्हणाले म्हणे, "चिठ्ठी आली की ती दिसभर बोलत न्हाई. वाचती का न्हाई ठाव न्हाई. तांदळाच्या डब्यात ठिवती." तांदळाच्या डब्यात तू आपल्या गेलेल्या आईचं मंगळसूत्र ठेवायचीस. मी सहा वर्षांची होते, तू सोळाची. लग्न होऊन अहमदपूरला गेलीस तेव्हा एका हातात तो डबा आणि दुसऱ्या हातात मी. पार्वतम्मांनी दारातच विचारलं होतं, "सून एक सांगितली होती, ह्या दोन कशा?" आणि मग मलाच आधी जेवायला वाढलं होतं.

मी डब्यात आहे म्हणजे अजून टाकलेली नाही, असा अर्थ मी घेतला. चुकत असेन तर कळव.

मंजू


नांदेड
रविवार, १ जून २०२५

अक्का,

चार पूर्णांक दोन. ठिपके कमी झाले. भिंतीभोवतीची पांढरी चरबीही पातळ झाली आहे म्हणे. ती चरबी म्हणजे सुजलेल्या जागेला शरीराने गुंडाळलेली शालच.

जोड मात्र हलत नाही. बाकीचं आतडं पडद्यावर गोगलगायीसारखं सरकतं, पुढे ढकलतं, आकसतं. जोडाशी आलं की थांबतं. डॉक्टर बराच वेळ दांडा तिथेच धरून वाट बघत होत्या. मीही श्वास धरून बघत होते. म्हणाल्या, "श्वास घ्या ताई, तो काय तुमच्या श्वासावर अवलंबून नाही."

आज येळवशीबद्दल, त्या वेळा अमावास्येबद्दल, लिहायचं ठरवून बसले आहे.

२ जानेवारी २०२२. शेतात कडब्याची कोपी, चुन्याने रंगवलेले पाच दगड, मडक्यातलं आंबील. हरभरा घाट्यांना आला होता. तू पहाटे तीनला उठून भज्जी केली होतीस. ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, पातीचा कांदा, मेथी, सगळं ताकातल्या बेसनात. माझ्यासाठी तिखट कमी. तू दोनदा वाढलीस, तिसऱ्यांदा आग्रह केलास. "खा गं मंजे, वर्सातनं एकदा हाय." मी खाल्ली. चार वाजता पोटात पीळ पडला. सहाला उलट्या. रात्री दाजींनी जीप काढून लातूरला नेलं. आतड्याची वाट बंद झाली होती. तुरीचे अख्खे दाणे अरुंद जागी अडकले होते.

सर्जन दारात उभे राहून विचारत होते. आधीचा आजार? सांगितलं. औषध नियमित? हो. मग काल काय खाल्लं?

सगळे तुझ्याकडे वळले. मग पार्वतम्मा बोलल्या. "आजारी पोरीला तुरीचे दाणे चारले इनं. मायेनं बहिणीचं आतडं कापायला लावलं." तू भिंतीला टेकलीस. तुझ्या हाताला अजून मेथीचा वास होता, तू मला उचलून बसवलंस तेव्हा आला.

चौथ्या दिवशी दाजी तुला घरी घेऊन गेले. मला सुट्टी मिळाली तेव्हा तू नव्हतीस. मी तशीच नांदेडला आले.

तुम्ही लोक त्यानंतर येळवशीला शेतात गेलाच नाहीत, हे मला उमाशंकरांकडून कळलं. तीन येळवशी. अहमदपुरात त्या दिवशी कुत्रंसुद्धा घरी राहत नाही, आणि तू दार लावून बसतेस.

एवढंच लिहू शकते आज. जे लिहिलं ते खरं आहे.

मंजू


नांदेड
श्रावण सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

अक्का,

मागच्या पत्रातलं सगळं खरं नव्हतं. दोन दुरुस्त्या आहेत. लहान आधी करते.

तू आग्रह केला नव्हतास. तिसऱ्यांदा भज्जी मी मागितली. तू उलट म्हणालीस, "बास की गं, सोसंल का?" मी म्हटलं, "मी आता ठणठणीत आहे, वाढ." मागच्या पत्रात हात आपोआप 'आग्रह' लिहून गेला. साडेतीन वर्षं मनात तसंच ठेवलं की लिहिताना तसंच येतं.

आता दुसरी.

सर्जननी विचारलं, औषध नियमित? मी 'हो' म्हटलं. नव्हतं.

त्याच्या आदल्या श्रावणात मी महिन्याचा नेम धरला होता, पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. सकाळची गोळी उपाशीपोटी मळमळायची. पूजा, मग कॉलेजची घाई, मग गोळी राहून जायची. पहिल्या आठवड्यात दोनदा राहिली. काही झालं नाही. मग मी ठरवून सोडली, एवढा महिना. एकदाही दुखलं नाही. मला वाटलं, हे नेमाचंच फळ. माझ्यासारखी पदार्थविज्ञान शिकवणारी बाई तळहातावर लिंग घेऊन त्याला सांगत होती की तू मला बरं केलंस. श्रावण संपला, तरी गोळी सुरू केली नाही. भाद्रपद गेला, दिवाळी गेली. दुखतच नव्हतं. जुन्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सोनोग्राफी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. गेले नाही. दुखत नसताना पैसे कशाला, असं उमाशंकरांना सांगितलं. खरं कारण हे की तिथे दिसलं असतं.

आणि वही. तुला माझी वही माहीत आहे, होस्टेलपासूनची. त्यात रोज गोळीपुढे बरोबरची खूण करायची सवय होती. उमाशंकर रविवारी ती वही चाळायचे. मी गोळी घेत नव्हते, खूण करत होते. पाच महिने, एकही दिवस न चुकता. निळ्या शाईत. एका खाड्याची फुली मी मुद्दाम मध्ये घातली आहे, खरं वाटावं म्हणून. अक्का, ती एक फुली मला बाकीच्या खुणांपेक्षा जास्त छळते.

आज डॉक्टर शिल्पांना सगळं सांगितलं. विचारलं, भज्जीनं झालं का? त्यांनी जेल पुसता पुसता सांगितलं, "भज्जी नसती तर पेरू अडकला असता. वाट महिनोन्महिने बारीक होत होती. दाणा फक्त शेवटी आला." आणि थोडं थांबून, "तेव्हा एकदा दांडा लावला असता तर मला पाच मिनिटांत दिसलं असतं."

म्हणजे तुझा दोष तिळाएवढाही नव्हता. हे मला त्या दिवशी स्ट्रेचरवरही माहीत होतं. पार्वतम्मा बोलत होत्या तेव्हा मी शुद्धीवर होते. डोळे मिटून घेतले होते फक्त. नंतर दुखणं कमी झालं, टाके निघाले, मी बोलू शकत होते, तरी बोलले नाही. आज सांगू, पाडव्याला सांगू, राखीला सांगू. तू गप्प बसलीस, मला वाटलं तू सावरलीस. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हीच चूक मी तुझ्याबाबतीतही केली.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. पहिल्यात मी स्वतःला फार शिव्या दिल्या होत्या, वाचल्यावर वाटलं, ही माफी नाही, ही लाडीगोडी आहे. म्हणून सोबत वहीचं पान फाडून पाठवते, नोव्हेंबर २०२१ चं. तीस खुणा. एकही खरी नाही. पार्वतम्मांना दाखव, दाजींना दाखव. तुला हवं ते कर.

आजचा आकडा तीन पूर्णांक सहा. लिहायला लाज वाटते की मी सुधारते आहे.

मंजू


नांदेड
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

अक्का,

आठ आठवडे झाले. सप्टेंबरभर इतका पाऊस झाला की रस्ते बंद, गाड्या बंद. मी मनात धरलं की पत्र पोचलंच नसेल. मग लक्षात आलं, मी तशी आशा करते आहे.

मग मीच दाजींना फोन लावला. त्यांना आतापर्यंत मी कधी फोन केला नव्हता, उमाशंकरच करायचे. दाजी आडत दुकानात होते, मागे हमालांचा गलका. मी आधी पोटाचं विचारू दिलं, पावसात भिजलेल्या सोयाबीनचं ऐकून घेतलं. मग सांगितलं, एका दमात, वहीसकट. तुला पत्र लिहिलं आहे म्हणूनही सांगितलं.

दाजी म्हणाले, "मंजू, चार वर्सं व्हत आली, मी तिला बोलून राहिलो. मीठ जास्त झालं तरी तेच काढायचो. आता म्या कुनाला बोलू? तुला का मला?"

मी म्हटलं, मला बोला दाजी.

"तुला काय बोलायचं. तू लांब हायस," म्हणाले. "मला तिच्यासमोर जेवायला बसायचंय."

चिठ्ठी तुला मिळाली आहे, एवढं ते म्हणाले. पान कुणालाही दाखवलेलं नाहीस. त्यांना माझ्या फोनमुळेच कळलं. म्हणजे दीड महिना तू ते पान तांदळात ठेवून पार्वतम्मांचं ऐकत राहिलीस. असं का केलंस, अक्का? माझी लाज झाकलीस की तुला आता कशाचंच काही वाटत नाही? मी रोज सकाळी रिकामा तळहात समोर धरून बसते आणि हेच विचारते. पूजेत विचारू नये असं.

मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य मी कधीच लिहिलं नव्हतं, प्रत्येक पत्रात त्याच्या आजूबाजूने लिहीत होते. कांदा चिरताना येते, कॉलेजात कुणी "अक्का" म्हटलं की येते. उदगीरकडची एक शिपाईण आहे, तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला की ती कोपऱ्यात जाऊन कन्नडात हसते. मी उगाच तिथून फाइल घेऊन जाते.

मंजू


नांदेड
रविवार, १४ डिसेंबर २०२५

अक्का,

दोन पूर्णांक आठ.

काल झालं. डॉक्टरांनी फुल्या लावल्या, पुसल्या, परत लावल्या. रंग लावून बघितला, एकही ठिपका नाही. भिंतीचे पापुद्रे वेगवेगळे दिसायला लागले आहेत, कांद्याचे दिसतात तसे. आणि मग जोड हलला. आधी मला वाटलं भास झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "पाहिलंत?" एक आकुंचन आलं, जोडापाशी पोचलं, आणि थांबलं नाही. पलीकडे गेलं.

मी रडले. त्यांनी पुसायचा कागद दिला, पोटासाठीचा. मी त्यानेच डोळे पुसले, जेलसकट.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. म्हणाले, "तिनं निरोप दिलाय, जसाच्या तसा सांग म्हनली. लिंग पोस्टानं येत न्हाई. ज्याचं त्यानं येऊन घेऊन जावं. शुक्रवारी येळवस हाय, शेतात यावं." मग आवाज खाली करून, "आनि डाक्टरला इचार म्हनली, भज्जी चालती का."

मी परत दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम पेशंट बघून राहिल्यात, काय अर्जंट आहे का? मी म्हटलं, हो, भज्जी. डॉक्टरांनी स्वतः फोन घेतला. अख्खे दाणे नकोत. शिजवून घोटून, चार घास. आणि गोळ्या-इंजेक्शन बंद करायचं नाव काढायचं नाही, आकडा कितीही छान असला तरी. मी म्हटलं, ते मी आता जन्मात विसरणार नाही.

हे पत्र माझ्याआधी पोचणार नाही. तरी टाकते. मी येते आहे, हे लिहून बघायचं होतं.

मंजू


नांदेड
रविवार, २१ डिसेंबर २०२५

अक्का,

तू तिथे होतीसच, तरी लिहिते. काय घडलं ते घडलं तसं लिहायची सवय मला परत लावून घ्यायची आहे.

कोपीपाशी मी उभी राहिले तेव्हा तू पाठमोरी होतीस, चुलीपुढे. केस किती पिकलेत तुझे. पार्वतम्मा बाजेवर होत्या. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "उन्हात उभी राहून काय करून राहिलीस? पावणी हायस का?" मग तोंड दुसरीकडे वळवून, माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडे नाही, हरभऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मानूस म्हातारं झालं की जास्तीचं बोलतं." तू वळली नाहीस. पण तुझा हात चुलीत लाकूड सारता सारता थांबला. ते मी पाहिलं.

वाढताना तू दोन पातेली काढलीस. एक सगळ्यांचं. दुसरं छोटं, वर झाकण. त्यातली भज्जी पिवळी, मऊ, एकही दाणा न दिसणारी. चार घास मोजून वाढलेस. मी खाल्ले. चव तीच होती. दाजी आंबिलाच्या गाडग्यात बघत होते. मी म्हटलं, अक्का, माझं चुकलं. तू ताटाकडे बघत म्हणालीस,

"सांगितलं असतंस तर तवाच घोटून केली असती."

एवढंच. मी चार वर्षं ज्याची तयारी केली होती त्यातलं काहीच तू बोलली नाहीस. खोटं बोललीस, माझ्यावर येऊ दिलंस, काहीच नाही. घोटून केली असती. वळून पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि ते नीट बसेना, दोनदा लावलंस.

पान का दाखवलं नाहीस, हे मी विचारलं. तू म्हणालीस, "तुझं हाय ते. म्या कशाला दाखवू." मला अजून कळत नाही ही माया आहे की राग. कदाचित तुलाही माहीत नसेल. मी याचं उत्तर ठरवून मग निरीक्षण लिहिणार नाही.

नंतर बांधावर बसवून तू तुझ्या गळ्यातून दोन डब्या काढल्यास. दोन. माझी उघडून लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलंस. ते थंड असेल असं वाटलं होतं. तुझ्या अंगाला लागून गरम होतं. त्यावर त्या सकाळचं भस्म होतं, ओलं. दोरा नवा होता. दुसऱ्याचं लिंग कुणी पूजत नाही, मी तुला विचारलं, जंगमांना विचारलंस का? तू म्हणालीस, "इचारलं असतं तर नको म्हनले असते."

अहमदपूरच्या स्टँडवर तू मला पोचवायला येशील असं वाटलं नव्हतं. बस लागली. मी पायरीवर चढल्यावर म्हणालीस, "ते फोटूत, आतडं हलतं ते, बाहेरच्याला दिसतं का?" मी म्हटलं, दिसतं. "मला कळंल का पन?" मी म्हटलं, मला कळलं तर तुला न कळायला काय झालं. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही.

म्हणून लिहिते. शनिवार, १४ मार्च, सकाळी साडेदहा. अहमदपूरहून पहाटेची गाडी धरलीस तर वेळेत पोचशील. दवाखान्याचा बाक पोटुशा पोरींनी भरलेला असतो, कुणी कितवा विचारलं तर मला उत्तर देऊ दे. चार तास उपाशी मला राहायचं आहे, तू खाऊन निघ.

जेल लावायच्या आधी गळ्यातलं वर घ्यावं लागतं. तेवढा वेळ ते धरायला कुणीतरी लागेल.

तुझी
मंजू